जे वाचता येत नाही, ते झाकायचं कसं?

बेळगावात माझ्यासारखी बरीच माणसं आहेत, ज्यांचं पोट दोन भाषांच्या मधल्या फटीतून भरतं. कन्नडमधला उतारा, वंशावळ, कोर्टाची नोटीस, खरेदीपत्र मराठीत किंवा इंग्रजीत करून द्यायचं, खाली सही करून शिक्का मारायचा, पानामागे पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक कधी उचगावचं, कधी खानापूरचं, तर कधी पोरीच्या ॲडमिशनचे कागद घेऊन कोल्हापूरला निघालेली निपाणीची आई. लोकांच्या घरातल्या वाटण्या, घटस्फोट, कर्जं, सावत्र भावंडं असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. एवढं पाहिलेल्या माणसाला कागद जपणं कळायला हवं. मला वाटायचं, कळतं.

तीन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका कुटुंबाचं वाटणीपत्र मी मराठीत केलं. काम मनासारखं झालं, म्हणून आमच्या भाषांतरवाल्यांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात नमुना म्हणून टाकलं. उघडं टाकायला मी खुळा नव्हतो. नावं, आधार क्रमांक, बँकेचं खातं या सगळ्यांवर वर्डमध्ये काळ्या पट्ट्या ओढल्या, पीडीएफ केली आणि पाठवली. चहाचा कप संपायच्या आत एका पोराचा फोन आला. "काका, तुम्ही काळं केलंय ते मला दिसायलंय की." त्यानं काही जादू केली नव्हती. मोबाईलवर पट्टीवर बोट दाबून धरलं, अक्षरं निवडली, कॉपी केली आणि दुसरीकडे चिकटवली. पट्टीखालचे बारा आकडे जसेच्या तसे त्याच्या पडद्यावर.

माझी गफलत होती ती डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची. पीडीएफ दिसते कागदासारखी, पण तो कागद नाही. त्यात अक्षरं वेगळी नोंदलेली असतात, चित्रं-रेघा वेगळ्या. काळी पट्टी ही नुसती वर ठेवलेली आणखी एक आकृती. खालचं अक्षर जागचं हललेलंच नसतं, फक्त त्याच्यावर पांघरूण पडलेलं असतं. स्कॅन केलेल्या कागदाचंही हल्ली तसंच. बरीच स्कॅनिंग ॲपं चित्रामागे ओळखलेल्या अक्षरांचा अदृश्य थर ठेवतात, म्हणजे शोधता यावं. चित्र काळं केलं तरी तो थर मागे शाबूत राहतो. काही प्रोग्रॅम तर दुरुस्ती करताना जुनी फाइल तशीच ठेवून नवं फक्त शेवटी जोडतात. वर्डमध्ये आधार कार्डाचा फोटो कडेनं कापला, तरी कापलेला तुकडा फाइलीत लपून बसतो, तो वेगळा पुसावा लागतो. मोबाईलमधल्या हायलायटरनं काळं केलेलं तर फोटोचा उजेड वाढवला की पुष्कळदा वाचता येतं.

आमच्या भागाची एक खास गंमत सांगतो, कारण ती बाहेरच्यांना माहीत नसते. कर्नाटकातल्या पुष्कळ सरकारी फाइली अजून नुडी या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात, जसे मराठी डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपीत काम करत आले. अशा फाइलीतली पट्टी उचलून मजकूर चिकटवला, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी बाहेर येते. बघणाऱ्याला वाटतं, चला, काही कळत नाही, बरं झालं. पण तीच खिचडी नुडीतून युनिकोड करणाऱ्या फुकटच्या साधनात टाकली की दोन सेकंदांत स्वच्छ कन्नड.

मी एकटाच गाढव ठरलो असतो तर हा लेख लिहायची गरज नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे एकेकाळचे प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात जो कागद दाखल केला, त्यातल्या काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी असाच कॉपी करून वाचला. आपल्याला जास्त जवळचं उदाहरण उत्तर आयर्लंडचं आहे. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये एकानं, आपल्याकडे माहिती अधिकारात विचारतात तसं, पोलिसांत कोणत्या पदावर किती माणसं आहेत एवढंच विचारलं. उत्तरादाखल एक्सेलचा तक्ता आला. त्या फाइलीत एक पान लपवलेलं होतं. लपवलेलं म्हणजे पुसलेलं नव्हे. सुमारे दहा हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं त्यात होती, आणि ती फाइल दोन तासांहून अधिक काळ संकेतस्थळावर लटकत राहिली. ज्या मुलखात हल्ल्याच्या भीतीनं पोलीस असल्याचं शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, तिथे. पुढच्या वर्षी त्या पोलीस खात्याला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. आपल्या कचेऱ्यांतून एक्सेलचे तक्ते रोज बाहेर पडतात, त्यातल्या किती फाइलींत असं एखादं पान दडलंय हे बघायची कुणाला सवड आहे?

पण मला आज तंत्रावर नव्हे, आपल्यावर बोलायचं आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचं कागदाशी नातं इतरांपेक्षा वेगळं आहे. १९५६ च्या राज्यरचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपण कागदाच्याच जोरावर उभे आहोत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगापुढे कागद, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्यासाठी कागद, महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांतला आहे हे पटवायला कागद. आजोबांच्या काळातली मराठी घरपट्टीची पावती, शाळेचा मराठी दाखला आम्ही ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवतो, कारण तो पुरावा. आम्हाला लहानपणापासून शिकवलं गेलं ते कागद सांभाळायला आणि वेळ आली की सगळ्यांपुढे धरायला. काढून टाकायला, खोडायला, अर्धवट दाखवायला कुणी शिकवलं नाही. उलट खाडाखोड केलेला कागद म्हणजे खोटा कागद, असंच मनात बसलंय. अजूनही एखाद्याला मी म्हटलं, की कॉलेजला पाठवताना आधारचा नंबर झाका, तर तो माझ्याकडे संशयानं बघतो. झाकला तर अर्ज नापास करतील की काय, ही त्याची भीती. ती अगदीच खोटी नाही.

आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे आमच्या हातात येणारे निम्मे कागद कन्नडमध्ये असतात आणि आमच्यातल्या पुष्कळांना ते वाचताच येत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना कोर्टाकडून कन्नड नोटीस आली. (गल्लीचं नाव लिहीत नाही, नोटिशीचा विषयही थोडा बदललाय. लिहिला तर आजींचं नाव गाळून काय उपयोग?) नातू पुण्यात. शेजारच्या पोरानं चारही पानांचे फोटो काढून गल्लीच्या मंडळाच्या गटात टाकले आणि खाली लिहिलं, "हे काय आहे कोणी वाचून सांगेल का?" मदतीची भावना शंभर टक्के खरी. एका भल्या माणसानं खरंच वाचलं, तेही व्हॉइस मेसेज करून, संपूर्ण. आजींच्या मुलीनं नवऱ्यावर घातलेल्या खटल्यातली कलमं, तिच्या पगाराचा आकडा, घराचा पत्ता, सगळं खणखणीत आवाजात गटातल्या दीड-दोनशे घरांत पोहोचलं. नोटिशीत काय लिहिलंय हे आजींना सगळ्या गल्लीच्या नंतर कळलं.

यात कुणाला दोष द्यायचा? पोराला? नेमकं काय झाकायचं हे त्याला कसं कळणार? कन्नडमध्ये ‘विळास’ म्हणजे पत्ता. मराठी कानाला तो कुणा विलासरावांचा उल्लेख वाटतो. ‘तंदे’ म्हणजे वडील, हे कन्नड शेजाऱ्यांत वाढलेल्याला ठाऊक, इतरांना नाही. ‘सही’ तेवढी दोन्हीकडे सही. लिपी ओळखत नाही त्या माणसाला पानावरचा संवेदनशील भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे दिसणारच नाही. मग तो एकतर सगळंच पाठवतो, नाहीतर आकडे दिसतील तेवढे झाकतो. मी पाहिलंय, लोक उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर मोठ्या काळजीनं काळा करतात, जो ‘भूमी’ या कर्नाटकच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर जगात कुणीही बघू शकतो, आणि त्याच फाइलीत पुढच्या पानावर आधार कार्ड उघडं ठेवतात. जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावरचं नाव झाकतात आणि वरचा आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्याचा नोंद क्रमांक, तसाच सोडतात. तो क्रमांक नाडकचेरीच्या, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीच्या, संकेतस्थळावर घातला की दाखला पुन्हा पडताळता येतो, मग नाव झाकून मिळवलं काय?

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की सीमाभागात मराठीत कागद मागणं हा नुसता अस्मितेचा प्रश्न राहिलेला नाही. तो खासगीपणाचाही प्रश्न आहे. आपण आजवर ही मागणी एकाच सुरात केली. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या तरतुदींनुसार जिथे एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही निघायला हव्यात. हे पंधरा टक्के आम्हाला पाठ आहेत, निवेदनांतून, मोर्चांतून, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या पायऱ्यांवरून. समोरून उत्तर येतं ते ठरलेलं, हा राजकारणाचा विषय आहे. ठीक, राजकारण बाजूला ठेवू. आजी एवढंच म्हणतील: माझ्या नावची नोटीस मला वाचता येत नाही, म्हणून मला ती तिऱ्हाइताला दाखवावी लागते. म्हणजे सरकारनं मला पाठवलेली गोष्ट गुप्त ठेवायची सोयच सरकारनं ठेवली नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निवाडा दिला तो २४ ऑगस्ट २०१७ ला, आणि तो ज्यांच्या याचिकेवर दिला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी याच कर्नाटकच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. तो अधिकार बेळगावच्या गल्लीत पोहोचायचा असेल, तर आधी कागद कळला पाहिजे.

"मग कन्नड शिका की!" हे उत्तर मला कन्नड मित्रांकडून मिळतं, आणि मराठी मित्र ते ऐकून भडकतात. मी भडकत नाही. मी शिकलो, त्यावरच माझं घर चालतं, आणि आमची पुढची पिढी शाळेत शिकतेच आहे. पण सत्तरीतल्या आजींची नोटीस आज आलीय आणि तारीख पुढच्या मंगळवारी आहे.

दुसरा एक वर्ग म्हणतो, आधार तर सगळीकडे गेलंच आहे, लॉजपासून गॅस एजन्सीपर्यंत, आता झाकून काय राहिलंय? यात निराशा आहे, विचार नाही. नुसत्या नंबरानं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते दोन-तीन गोष्टी एका फाइलीत सापडल्यावर. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं, ओटीपी लागत नाही. आता आठवा, जमिनीच्या दस्तावर काय काय असतं. २०१८ साली तेलंगणात एकानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले होते आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली होती. २०२३ मध्ये आपल्या कर्नाटकात, मंगळूर-बंगळूरकडे, दस्त नोंदवून आलेल्या लोकांच्या खात्यातून पैसे गेल्याच्या तक्रारी झाल्या. म्हणजे जो कागद आपण सगळ्यात पवित्र मानतो, त्यावरच चोराला हवं ते सगळं एकत्र मिळतं.

यात सरकारची जबाबदारी किती आणि माणसाची किती? मे २०२२ मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या प्रादेशिक कार्यालयानं २७ तारखेला पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. सल्ला सोन्यासारखा. २९ तारखेला ते पत्रक मागे घेतलं, गैरसमज होऊ शकतो म्हणून. मधल्या दोन दिवसांत आमच्याकडच्या झेरॉक्सवाल्यांना लोक विचारत होते, मास्क म्हणजे कोरोनाचा का? पुढे कुणी समजावून सांगितलं नाही. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेसाठी ग्राम वन आणि कर्नाटक वन या सेवा केंद्रांच्या दारात बायका रांगा लावून उभ्या होत्या, आधार, रेशनकार्ड, पासबुक हातात. त्यांच्यापैकी किती जणींना सांगितलं गेलं, की तुमच्या कार्डाचा फोटो ऑपरेटरच्या मोबाईलमध्ये राहिला असेल तर तो पुसायला लावा? मी तीन वेळा वेगवेगळ्या बायकांबरोबर गेलो, तिन्ही वेळा फोटो आधी व्हॉट्सॲपवर मागवला गेला.

मास्क्ड आधारवरही डोळे मिटून राहू नका. क्रमांक झाकला आणि क्यूआर कोड उघडा ठेवला, तर जुन्या छपाईच्या कार्डांवरच्या त्या चौकोनात पूर्ण क्रमांक असतो. नव्या कोडमध्ये पूर्ण क्रमांक नसतो, पण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतोच.

आता उलट बाजूही बोललं पाहिजे, कारण झाकण्याची कला सरकारला फार आवडते. माहिती अधिकारात विचारलं, की अमुक योजनेचे लाभार्थी कोण, रस्त्याचं बिल कुणाला गेलं, तर उत्तर येतं, वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातली ती तरतूद आणखी कडक केली. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता यायची, आता ‘वैयक्तिक’ एवढा शब्द पुरतो. जनहित मोठं असेल तर माहिती देण्याची वाट माहिती अधिकार कायद्यात अजून आहे, पण ती वापरायची इच्छा टेबलापलीकडे हवी. आणि त्याच माहिती अधिकार कायद्याचं कलम १० सांगतं, की ज्या कागदातला थोडा भाग देण्यासारखा नाही, त्यातला तो भाग काढून उरलेला द्यावा. म्हणजे नीट काढून टाकता येणं हे माहिती देण्याच्या आड येत नाही, तीच माहिती देण्याची अट आहे. ज्या कारकुनाला एक रकाना कायमचा पुसता येतो, त्याला पूर्ण फाइल दाबून ठेवायला निमित्त उरत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी कचेरीत भांडायचं तर हे भांडावं: आधार, फोन, खातं काढा, नाव आणि रक्कम द्या, आणि ते मार्करनं रंगवून नको, फाइलीतून काढून द्या. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, मंडळांच्या गटांतूनही एफआयआरच्या आणि यादीच्या पीडीएफ जशाच्या तशा फिरतात, तेव्हा हाच नियम आपल्यालाही लागू.

काढायचं कसं, हे सांगितल्याशिवाय थांबलो तर वाचक शिव्या देतील. सगळ्यात सोपी रीत आजही कागदाचीच. प्रिंट काढा, नको त्या भागावर पांढरी पट्टी चिकटवा, त्याची झेरॉक्स काढा आणि ती झेरॉक्स स्कॅन करा. नुसत्या मार्करवर जाऊ नका, उजेडात धरलं की खालचं दिसतं. फाइलीतच करायचं तर काळी पट्टी ओढण्याऐवजी मूळ अक्षरं खोडून त्या जागी फुल्या टाका, मगच पीडीएफ करा, आणि वर्डमधल्या बदलांच्या नोंदी व टिपा आधी साफ करा. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये २०१९ पासून यासाठी वेगळी सोय आहे, ती पट्टीसकट पानाचं चित्रच करून टाकते, खाली अक्षर उरत नाही. ॲक्रोबॅटच्या विकतच्या आवृत्तीतही आहे, पण तिथे खुणा करून थांबू नका, ‘अप्लाय’ दाबेपर्यंत काहीच पुसलेलं नसतं. पाठवण्याआधी मला फोन करणाऱ्या त्या पोरासारखं बोट दाबून धरून बघा. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेला तर कुठे काढला ती जागेची नोंद गळते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून गेला तर ती सोबत जाते.

एवढं करूनही एक गोष्ट तंत्रानं सुटत नाही. आमच्या गावांत तीन-चार आडनावांत सगळं गाव बसतं. ‘अमुक गावचा, पोस्टात असलेला, दोन लग्नं झालेला’ एवढं शिल्लक राहिलं की वरचं नाव कितीही खोडा. इथे काय काढायचं हे मशीन सांगणार नाही, त्या गावाचा माणूस सांगेल.

माझी ती वाटणीपत्राची फाइल मी लगेच ‘सगळ्यांसाठी’ पुसली, पण तोवर किती जणांच्या फोनात उतरली हे देवाला ठाऊक. चार दिवस जीव धाकधूक करत होता. मग रविवारी बस धरून खानापूरकडे गेलो आणि घरच्या म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. आत जाऊन ट्रंकेतून दोन कागद घेऊन आले. एक मोडीतला, पिवळा, खाली त्यांच्या आज्जाचा शाईचा अंगठा. दुसरा हा परवाचा, स्वतःचा अंगठा असलेला. दोन्ही मांडीवर ठेवून थोडा वेळ बघत बसले.

"आज्जाचा राहू दे," ते म्हणाले. "माझा तेवढा झाक."